कंट्रोलवाल्याचा बडग्या

नववीच्या पुस्तकात एक गोष्ट होती. माझ्या आईच्या पिढीनंही ती शाळेत वाचलेली, इतकी जुनी. दुष्काळातलं गाव, सगळ्या विहिरी आटलेल्या, एका म्हातारीच्या विहिरीला तेवढं पाणी, आणि ती बया विहिरीवर फळ्या ठोकून, कुलूप घालून बसलेली. गाव तिला शिव्या घालतं, तिच्या दारावर शेण फेकतं. शेवटी एका सकाळी माणसं कुलूप फोडतात. तर म्हातारी ओरडत नाही, रडत नाही. काठावर उभी राहते, दोर कुणाच्या हाती देत नाही आणि तळहात सोलवटेपर्यंत अख्ख्या गावाला स्वतः पाणी ओढून देते. लेकरं जवळ आली की मात्र त्यांच्यावर खेकसते, त्यांना हाकलते. बस, इथे गोष्ट संपली.

ती असं का वागली ते लेखकानं कुठेच सांगितलेलं नाही. फक्त मधे एक वाक्य आहे. एका वर्षी तिनं विहिरीचा काठ स्वतःच्या हातानं, दगड-माती रचून, कमरेएवढा उंच केला आणि त्यानंतर ती गावात कुणाच्या बारशाला गेली नाही. ज्याला कळायचं त्याला तेवढ्यात सगळं कळतं. पण आमच्या वर्गात ते वाक्य पोरं अशी वाचून जायची, की जणू छापणाऱ्यानं जागा भरायला टाकलंय. मग मी प्रश्न द्यायची, ‘म्हातारीचे स्वभावचित्र रेखाटा’, आणि वह्यांचा गठ्ठा घरी आणला की प्रत्येक वहीत गाइडातलं तेच: म्हातारी स्वार्थी व हट्टी होती, परंतु शेवटी तिला पश्चात्ताप झाला. कसला पश्चात्ताप रे बाबा? कुठे दिसला तुम्हाला? माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. लाल पेन कागदात रुतायचं.

मी आधीच तापट. आई म्हणायची, “हे पोरगी म्हणजे चुलीवरचं दूध. नजर हटली का उतू.” आम्ही दोघीच नागपुरात, महाल नावाच्या वस्तीच्या बाजूला, एका बोळात दोन खोल्या भाड्यानं घेऊन राहत होतो. आई काटोलकडची, जन्म तिकडे काढलेला, त्यामुळे नागपुरातल्या कुठल्याही माणसावर तिचा चटकन विश्वास बसत नसे. शाळा पायी जाण्याच्या अंतरावर. मी तरुण होते, नोकरीला पाच-सहा वर्षंच झाली होती, आणि जगाला काहीतरी शिकवलंच पाहिजे अशी सारखी हुरहूर लागलेली असायची. एका जागी बसून चहासुद्धा मला धड पिता येत नसे.

सत्तरच्या दशकातली ती टंचाईची वर्षं. साखर नाही, तेल नाही, आणि घासलेट तर मुळीच नाही. आमच्या बोळाच्या तोंडाशी कंट्रोलचं दुकान होतं. रेशनच्या दुकानाला आमच्याकडे सगळे कंट्रोलच म्हणत, आणि ते चालवणारा तो कंट्रोलवाला. बारीक अंगाचा, चष्मा लावणारा, स्वच्छ कपड्यांतला माणूस. आवाज कधी चढवायचा नाही. लोक ताटकळून त्याच्या ओट्यापर्यंत पोचले की चष्म्यावरून बघायचा आणि एवढंच म्हणायचा, “संपलं.” त्या शब्दाचा मला इतका राग यायचा की काय सांगू. कारण सगळ्या मोहल्ल्याला माहीत होतं, दुकानामागच्या खोलीत पिपे भरलेले असतात आणि दुपारी बोळ जरा शांत झाला की हॉटेलवाल्यांच्या सायकली मागच्या दारानं ते घेऊन जातात. मीही कितीदा तरी स्टोव्ह कोरडा म्हणून रात्रीचा भात तसाच गार खाऊन शाळेत गेलेली. आई बोटं मोडायची. घासलेटला ती मातीचं तेल म्हणे. “मातीचं तेल खाऊन राहिला मेला,” ती म्हणायची, “पचते कसं त्याले काय मालूम.”

त्याची मुलगी माझ्या वर्गात होती. उंच, हाडकुळी, दोन वेण्या घट्ट बांधलेली, हुशार. बाकावर तिच्याशेजारी कुणी बसायचं नाही. कुणी काही बोलायचंही नाही, नुसतं बसायचं नाही. मधल्या सुट्टीत मुली गोल करून डबे उघडायच्या, आणि ही आली की तो गोल हळूच आवळून यायचा. मी एकदोनदा रागावले तर मुलींनी ‘हो बाई’ म्हणून तिला शेजारी घेतलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा होतं तसंच. असल्या गोष्टी छडीनं सुटत नाहीत.

त्या दिवशी मी म्हातारीचा धडा शिकवत होते. म्हटलं, गाइड बाजूला ठेवा आणि मला सांगा, ही बाई कशी वाटते तुम्हाला? मागच्या बाकावरून एक पोरगा म्हणाला, “आपल्या कंट्रोलवाल्यासारखी, बाई.” वर्गात हशा पिकला. मीही ओठ चावला, खोटं कशाला बोलू. आणि तेवढ्यात ही मुलगी उभी राहिली. मला वाटलं, आता रडणार, किंवा दप्तर उचलून निघून जाणार. मी तिच्या बाजूनं बोलायला तोंड उघडलंसुद्धा.

“ती वाईटच होती, बाई,” ती म्हणाली. अगदी सरळ उभी राहून. “तिचं लेकरू पडलं असन विहिरीत. म्हणून तिनं काठ वर केला, म्हणून बारशाले जात नव्हती. ते मले कळलं. पण पाणी होतं ना तिच्यापाशी? लोक तहानेनं मरून राहिले होते ना? मग तिचं दुःख तिच्या घरी. कुलूप लोकायनं आधीच फोडायले पाहिजे होतं.”

इतक्या वर्षांत त्या वाक्याचा अर्थ पहिल्यांदा कुणीतरी न सांगता ओळखला होता. मला आनंदानं उडी मारावीशी वाटायला हवी होती. पण मी खडू हातात घेऊन नुसती उभी राहिले. मी पोरांना दरवर्षी सांगत आले होते की माणूस नीट समजून घेतला की त्याच्याबद्दल आपोआप कणव वाटते. आणि ही पोरगी म्हणत होती, समजलं मला सगळं, तरी नाही वाटत. आता काय म्हणता? घंटा झाली आणि मी सुटले.

त्यानंतरचे कितीतरी दिवस माझा जीव थाऱ्यावर नव्हता. भाजी आणायला म्हणून निघायचे आणि बडकस चौकापर्यंत जाऊन रिकामी पिशवी घेऊन परत यायचे. आई विचारायची, “काहून गा भिरभिर फिरून राहिली?” रागात असली की आई मला पोरगा समजून ‘गा’ म्हणायची. मी काय सांगणार? एका नववीतल्या पोरीनं मला निरुत्तर केलं म्हणून? ती म्हणाली असती, बरं झालं, कुणीतरी भेटलं.

मग पोळा आला. नागपूरच्या बाहेरच्यांना सांगायला हवं, आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत निघते. काळी आणि पिवळी अशा बाईच्या दोन मोठ्या मूर्ती वाजतगाजत शहरातून नेतात, लोक ओरडतात, रोगराई घेऊन जाय गे मारबत, आणि शेवटी गावाबाहेर नेऊन त्या जाळून टाकतात. पण पोरांचा जीव खरा बडग्यांत. बांबू, तणस आणि जुन्या कपड्यांचे पुरुषाचे पुतळे करायचे, आणि त्या वर्षी ज्याचा लोकांना संताप आला असेल त्याचं सोंग त्याला द्यायचं. कधी महागाई, कधी एखादा पुढारी. मोहल्ल्यामोहल्ल्यातून बडगे निघतात, लोक त्यांना झाडूनं, चपलांनी बडवतात आणि मारबतीबरोबर तेही जळतात. वर्षाची सगळी पीडा त्याच्या डोक्यावर घालून मोकळं व्हायचं.

“औंदा आपल्या पोट्ट्यायनं कंट्रोलवाल्याचा बडग्या केला,” आईनं पोळ्याच्या दिवशी संध्याकाळी बातमी आणली. तोंडावर असं समाधान, की जणू तिच्याच हाती त्याला पकडून दिलंय. तिनं स्वतः एक जुना झाडू आणि घासलेटची रिकामी बाटली पोरांना दिली होती. बडग्याच्या गळ्यात माळ घालायला बाटल्या हव्या होत्या म्हणे. मला आधी बरंच वाटलं. म्हटलं, होऊ दे एकदा. तोंडावर कुणी बोलत नाही, निदान पुतळ्यावर तरी राग काढतील.

स्टोव्ह पेटवता पेटवता एकदम लक्षात आलं. बडग्या आमच्या बोळातून निघणार, म्हणजे त्याच दुकानापुढून जाणार. आणि दुकानाच्या वरच त्यांचं घर. ती पोरगी खिडकीत असेल किंवा ओट्यावर असेल, वर्गातली निम्मी पोरं त्या गर्दीत असतील, आणि तिच्या बापाच्या तोंडावर चपला पडताना ती बघेल. मग शाळेत येणार ती? मुळीच येणार नाही. तिच्या आईनं एकदा बोलून दाखवलंच होतं, की नववीपर्यंत शिकली एवढं पुष्कळ. मी काडी फुंकली, चपला घातल्या आणि निघाले. “आता कुठं?” आई ओरडली. “तुले का करायचं आहे त्यायचं?”

बडग्या सायकलच्या दुकानामागच्या टपरीत बनत होता. पोरांचा म्होरक्या माझाच जुना विद्यार्थी, आता सायकली दुरुस्त करायचा. मी गेले तर सगळे उभे राहिले, एकानं विडी पायाखाली दाबली. बडग्या भिंतीला टेकवलेला. अजून डोकं बसायचं होतं, पण धड तयार होतं, सदरा घालून, आत तणस कोंबून, सुतळीनं आवळून. मी त्याला स्पष्टच सांगितलं की हा बडग्या नको, महागाईचा करा, नाहीतर माझा करा.

“तुमचा कशाले, बाई,” तो हसला. “तुम्ही आमाले मारलं, पण तेल नाई चोरलं.”

“त्याची पोरगी आहे रे. माझ्या वर्गात आहे.”

“मग? आमच्या घरी लेकरं नाई का?” तो आता हसत नव्हता. “माझ्या वहिनीचं लेकरू तापानं फणफणून राहिलं होतं, पाणी तापवाले तेल नव्हतं. तुम्ही आमाले ते म्हातारीची गोष्ट शिकवली होती, मले याद आहे. पण म्हातारीले कारण होतं, बाई. याले काय कारण आहे, सांगा.”

मला सांगता आलं असतं तर मी इतके दिवस भाजीची पिशवी घेऊन कशाला वणवण फिरले असते? मी काहीतरी बोलायचं म्हणून बडग्याकडे बघितलं, आणि तेव्हा तो सदरा नीट दिसला. फिक्या पिवळ्या रंगाचा, बारीक रेघांचा. कंट्रोलवाला सणावाराला घालायचा तोच. खिशाशी उसवलेलं होतं, ते बारीक टाक्यांनी नीट शिवलेलं. तसले टाके आमच्या शाळेत शिवणाच्या तासाला शिकवत. मी विचारलं, हा कुठून आणला? पोरं एकमेकांकडे बघू लागली. “देला एकानं,” म्होरक्या म्हणाला आणि मान खाली घालून सुतळी ओढू लागला.

घरी आले तर ती आमच्या पायरीवर बसलेली. आईनं तिला आत बोलावलं नव्हतं, पण गुळाचा खडा आणि पाणी दिलं होतं. पाहुण्याला उपाशी ठेवणं तिला जमलं नसतं, मग तो कंट्रोलवाल्याच्या घरचा का असेना. मी तिला आत नेलं. ती उभीच राहिली.

“बाई, तुम्ही पाहिला का सदरा?”

“पाहिला. तू दिलास?”

“हौ.” मग तिनं सगळं भडाभडा सांगितलं. त्याच दिवशी दुपारी कडेवर पोर घेतलेली एक बाई दुकानी आली होती, म्होरक्याची वहिनीच ती. बाबांनी म्हटलं, संपलं. ही मागे दारात उभी, आणि हिच्या पाठीशी भिंतीला लागून भरलेले पिपे. ती बाई ओट्यावर थुंकून गेली. जेवताना हिनं बापाला विचारलं, आत पिपे आहेत ना? तो म्हणाला, अभ्यास कर. मग तो झोपला, आणि नेमकी तेव्हाच पोरं जुने कपडे मागत दारी आली. हिनं खुंटीवरचा सदरा काढला आणि देऊन टाकला. वर म्हणाली, घ्या, अस्सल आहे.

“आणि आता?” मी विचारलं.

“आता मले वापस पाहिजे.” तिचा आवाज फाटला. “मी मागाले गेली होती. देत नाई ते. म्हणतात, सगळ्या मोहल्ल्यानं पाहिला, आता उतरवत नसते. बाई, बाबा ओळखन ना. आई तं दुरूनच ओळखन. मीच शिवला तो खिसा.”

“मारतील का ग तुला?”

“बाबा नाई मारत. कधीच नाई मारलं.” ती माझ्याकडे अशी बघत होती, की जणू मीच काहीतरी केलंय. “घरी ते चांगले आहेत, बाई. मले संत्रं सोलून देते, शिरा काढून काढून. ताप आला तं उशाशी बसून राहते. त्याचाच तं राग येते. घरीही वाईट असते तं बरं झालं असतं.”

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकत होती. तिच्या हातातलं सूप थांबलं होतं.

मी पुन्हा टपरीवर गेले. दम दिला, हात जोडले, शेवटी म्हटलं, नवा सदरा आणून देते. म्होरक्या माझ्याशी उद्धट वागला नाही. पण बडग्याला चिकटपट्ट्या लावून, रंग देऊन झाला होता आणि सदरा काढायचा तर धडच उसकटावं लागलं असतं. “नाव नाई सांगणार कोणी, बाई,” तो म्हणाला. “आईची शपथ. पोट्टी आहे, चुकली असन. पण बडग्या जाईन.” मी परत येताना वाटेत तीनदा थांबले असेन. जावं का सरळ कंट्रोलवाल्याकडे आणि सांगावं? आणि काय सांगावं, की तुमच्या पोरीनं तुमचा सदरा दिला? मी काही त्याच्याकडे गेले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळपासूनच ताशे सुरू होते. मारबतीच्या दिवशी घरात बसून राहणारी माणसं नागपुरात सापडायची नाहीत. मी घासलेटची बाटली घेऊन, जणू तेलच आणायला निघाले अशी, दुकानापाशी गेले. मला वाटलं होतं दुकान बंद असेल. फळ्या उघड्या होत्या. कंट्रोलवाला स्टुलावर बसलेला, समोर तराजू. बायको मागून कुजबुजत होती, आत या, आजच्या दिवस आत या. तो म्हणाला, “पळून काय होते.” मुलगी ओट्याच्या कडेला खांबाला धरून उभी. मी तिच्याजवळ जाऊन उभी राहिले. तिनं माझा हात धरला.

बोळातून आधी आरडाओरडा आला, मग बडग्या. लाकडी गाड्यावर उभा केलेला, डोळ्यांवर तारेचा चष्मा, गळ्यात रिकाम्या बाटल्यांची नि फाटक्या चपलांची माळ, छातीवर पुठ्ठा: ‘संपलं’. गंमत बघा, त्याचं नाव लिहायची गरजच पडली नव्हती. पोरं ओरडत होती, “तेल चोरणाऱ्याले घेऊन जाय गे मारबत!” आणि बायाबापड्या झाडूनं बडवत होत्या. माझ्या वर्गातली पोरं होतीच. आईही होती गर्दीत, झाडू घेऊन, पण झाडू खालीच धरलेला. दुकानापुढे आल्यावर गाडा थांबला. ते ठरलेलंच होतं. सगळे कंट्रोलवाल्याकडे बघू लागले, तो काय करतो म्हणून.

तो काही करत नव्हता. बघत होता. आणि बायको मागून पुढे आली, आणि तिनं बडग्याच्या अंगावर नजर टाकली.

“हा सदरा तं तुमचा हाय,” ती म्हणाली. मोठ्यानं नाही, पण नेमके तेव्हाच ताशे थांबले होते. “आपल्या खुंटीवरचा. हा घ्या, हा खिसा.” आणि मग ती वळली. “घरातून कोणं देला?”

म्होरक्यानं शपथ पाळली, तो गाड्याच्या चाकाकडे बघत उभा राहिला. बायको पोरीकडे बघत होती. पोरीनं माझा हात सोडला. ती आता बोलणार हे मला कळलं, वर्गात उभी राहिली होती तशीच ती ताठ झाली होती. अख्खा मोहल्ला, अख्खा वर्ग ऐकत असताना ती सांगणार होती, की माझ्या बापाचा बडग्या मी सजवला. आणि त्यानंतर त्या दोघांनी एका घरात कसं राहायचं, देव जाणे.

कंट्रोलवाल्यानं चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, पुन्हा लावला. सदऱ्याकडे बघितलं, मग त्या शिवलेल्या खिशाकडे. मग त्यानं पोरीकडे एकदाच बघितलं.

“मीच देला,” तो म्हणाला.

“तुमी?” बायकोचा विश्वास बसेना. “तुमच्याच बडग्याले?”

“पोट्टे मागाले आले होते. बडग्याले कपडा लागते. जुना होता, देला.” तो नेहमीच्याच आवाजात बोलत होता, संपलं म्हणायचा त्याच. “माह्या बडग्याले लोकायच्या घरचा कपडा घालन का मी?”

कुणीतरी फसकन हसलं. मग बरेच जण हसले, पण त्या हसण्यात मघाचा जोर राहिला नव्हता. म्होरक्यानं डोकं वर करून त्याच्याकडे बघितलं, पोरीकडे बघितलं, आणि पोरांना म्हणाला, “चला बे, मारबत पुढं गेली असन.” गाडा हलला. ताशे सुरू झाले. पुढच्या वळणावर पुन्हा झाडू पडायला लागले आणि आवाज चढला, आणि ते योग्यच होतं, कारण मागच्या खोलीत पिपे होते ते होतेच. पुढच्या आठवड्यात मी बाटली घेऊन आले तर हा माणूस मला संपलंच म्हणणार, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. तसंच झालंही.

बायको पुटपुटत वर गेली. ओट्यावर आम्ही तिघंच उरलो. कंट्रोलवाला स्टुलावर बसला आणि तराजूची पारडी उगाच सारखी करू लागला. पोरगी खांबापाशी तशीच उभी. मला वाटलं आपण निघावं, पण पाय निघेनात.

“निळा द्यायचा होता वं,” तो मान खाली घालूनच तिला म्हणाला. “तो फाटलाच होता. हा मले आवडे.”